टेडी वेदरफर्ड : ताजमधला पियानोवाला

(मंडळाच्या अल कुसैस इथल्या मासिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



शारजाहून येणारे दोन-तीन जण अजून रस्त्यातच आहेत असा फोन आला होता, पण ते नेहमीचंच आहे. आपण सुरुवात करू. ते येईपर्यंत मी चहाची वेळ होऊ देणार नाही, एवढंच आश्वासन देतो.

गेल्या काही कार्यक्रमांत आपण नाट्यसंगीत ऐकलं, भावगीतं ऐकली. आज मात्र मी एका अमेरिकन कृष्णवर्णीय पियानोवादकाबद्दल बोलणार आहे. नाव टेडी वेदरफर्ड. तुमच्यापैकी किती जणांनी हे नाव ऐकलंय? एकही हात वर नाही. उत्तम! म्हणजे मी काहीही ठोकून दिलं तरी चालेल. पण तसं करणार नाही. या माणसाचा मुंबईशी संबंध आहे, आपल्या सिनेमासंगीताशी आहे, आणि घर सोडून कामासाठी दूर येऊन बसलेल्या आपल्यासारख्यांशी तर फारच आहे. म्हणून हा विषय घेतला.

आधी थोडं ब्लूजविषयी, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. अमेरिकेच्या दक्षिण भागात गुलामगिरीतून सुटलेल्या पण गरिबीतून न सुटलेल्या कृष्णवर्णीय लोकांनी जे गाणं घडवलं, ते ब्लूज. शेतात राबताना, रेल्वेचे रूळ टाकताना, रात्री गुत्त्यात बसून गायलेलं. त्याचा साचा अगदी साधा असतो. बारा मात्राखंड, प्रत्येकात चार ठोके, म्हणजे एका आवर्तनात अठ्ठेचाळीस मात्रा झाल्या. पहिले चार खंड षड्जाच्या स्वरसंघावर, मग दोन मध्यमाच्या, दोन परत षड्जाच्या, एक पंचमाच्या, एक मध्यमाच्या आणि शेवटचे दोन पुन्हा षड्जावर. शब्दांचाही साचा आहे : एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचं. पहिली ओळ दोनदा म्हटल्यामुळे गाणाऱ्याला तिसरी सुचायला वेळ मिळतो. आपल्याकडचे सवाल-जबाब करणारे शाहीर हे लगेच ओळखतील.

आता गंमत स्वरांची. ब्लूजमधला गंधार कोमलही नसतो आणि शुद्धही नसतो, तो दोघांच्या मध्ये कुठेतरी असतो. गळ्यातून तो सहज निघतो, गिटारवर तार ओढून निघतो. पण पियानोवर? तिथे पट्टी म्हणजे पट्टी. मधला स्वर येणार कुठून? मग या पियानोवाल्यांनी युक्ती काढली. कोमल गंधाराला ओझरता स्पर्श करून बोट शुद्ध गंधारावर घसरवायचं, किंवा दोन्ही जवळजवळ एकदम दाबायचे. कानाला वाटतं की स्वर वाकला.

(इथे कीबोर्डवर वाजवून दाखवलं.)

ही अडचण आपल्याला नवी नाही. आपल्या पेटीवर हाच आक्षेप होता : तिच्यावर मींड निघत नाही, श्रुती मिळत नाहीत. या कारणावरून १९४० साली आकाशवाणीने पेटी बंद केली आणि ती पुन्हा सुरू व्हायला १९७१ साल उजाडलं. पण आपल्या पेटीवाल्यांनी बोटांच्या करामतीनं मींडेचा भास निर्माण केलाच ना? जे वाद्य हातात आहे त्याच्याकडून, त्याच्या स्वभावात नसलेलं काम काढून घ्यायचं. टेडीची जातकुळी तीच.

टेडीचा जन्म ११ ऑक्टोबर १९०३ चा, व्हर्जिनिया राज्यातल्या पोकाहाँटस नावाच्या गावातला. कोळशाच्या खाणीचं गाव. गंमत म्हणजे त्याच वर्षी १६ डिसेंबरला मुंबईत अपोलो बंदरावर जमशेटजी टाटांचं ताजमहाल हॉटेल सुरू झालं. दोघांची गाठ पडायला अजून तेहेतीस वर्षं होती.

१९१५ ते १९२० हा काळ टेडीने न्यू ऑर्लिन्समध्ये काढला. जॅझचं माहेरघरच ते. पियानो तो तिथेच शिकला. त्या काळी चांगले चांगले पियानोवादक बदनाम वस्तीतल्या दिवाणखान्यांत वाजवायचे, आणि सभ्य घरातली माणसं त्या संगीताला नाकं मुरडायची. बैठकीच्या लावणीबद्दल आपल्याकडे जे बोललं जायचं, त्याचीच ही दुसरी आवृत्ती. वस्ती बदनाम, पण विद्या अव्वल!

तिथून तो शिकागोला आला. दक्षिणेतून लाखो कृष्णवर्णीय माणसं तेव्हा उत्तरेकडच्या शहरांत येत होती. त्यांच्यामागोमाग त्यांचं संगीतही आलं. शिकागोत व्हेंडोम नावाचं चित्रपटगृह होतं. मूकपटांचा जमाना. पडद्यावर चित्र चालायचं आणि खाली एर्स्किन टेट यांचा वाद्यवृंद वाजवायचा. त्या वृंदात लुई आर्मस्ट्राँग ट्रंपेट वाजवत होता आणि पियानोवर होता आपला टेडी. आर्मस्ट्राँग कोण हे मी सांगायला नको. मे १९२६ मध्ये या वृंदाची एक तबकडी निघाली. दोन बाजू, प्रत्येकी तीन मिनिटांच्या आतबाहेर. त्यात टेडीचा पियानो आहे.

(इथे ती तबकडी ऐकवली.)

डावा हात ऐकलात? नुसता ठेका धरत नाहीये. उडी मारतोय, मध्येच ठेका मोडतोय आणि तुम्ही ‘आता पडला’ म्हणेपर्यंत बरोबर समेवर येऊन उभा राहतोय. उजवा हात तोवर वेगळीच गोष्ट सांगतोय. त्या दिवसांत शिकागोतले वादक टेडीला पहिल्या रांगेतला पियानोवाला मानत. अर्ल हाइन्स नावाचा एक तरुण पियानोवादक तेव्हा नुकताच शिकागोत आला होता. तोही १९०३ सालचाच. हे नाव लक्षात ठेवा, आपण पुन्हा त्याच्याकडे येणार आहोत.

इतकं सगळं जमून आलेलं असताना १९२६ मध्ये टेडीने काय केलं? जॅक कार्टर नावाच्या ड्रमवादकाच्या बँडबरोबर करार केला आणि बोटीत बसून आशियाकडे निघाला. वय वर्षं बावीस!

का गेला असेल? आपल्यापैकी प्रत्येकाला हा प्रश्न कुणी ना कुणी विचारलेला आहे आणि प्रत्येकाकडे त्याची दोन उत्तरं आहेत, एक लोकांना सांगायचं आणि एक स्वतःला. टेडीच्या मनातलं मी सांगू शकत नाही, पण परिस्थिती सांगतो. तो ज्या देशात वाढला तिथे दक्षिणेत कृष्णवर्णीयाला वेगळ्या डब्यात बसावं लागे, वेगळ्या नळावर पाणी प्यावं लागे. शिकागोत कायदा तसा नव्हता, पण राहायची वस्ती ठरलेली होती. आणि आशियातल्या मोठ्या बंदरांत अमेरिकन जॅझला प्रचंड मागणी होती. तिकडे त्याच्या कातडीचा रंग हीच अस्सलपणाची खूण ठरत होती.

आणखी एक गोष्ट. १९२७ साली बोलपट आला आणि दोन-तीन वर्षांत चित्रपटगृहांतले वाद्यवृंद बंद पडले. हजारो वादक घरी बसले. आमच्या धंद्यात नवं सॉफ्टवेअर आलं की जे होतं तेच. आपल्याकडे ‘आलमआरा’ १९३१ साली आला आणि पाठोपाठ नाटक कंपन्यांना उतरती कळा लागली, ती कथा तुम्हाला ठाऊक आहेच. म्हणजे टेडी ज्या नोकरीवरून उठून गेला, ती नोकरी त्याच्यामागे फार वर्षं टिकणारच नव्हती.

शांघायमध्ये टेडीने बस्तान बसवलं. तिथल्या दिवसांत तो एकेका रात्री तीन-चार क्लबांत वाजवायचा. एका ठिकाणचं झालं की गाडीत बसून दुसरीकडे. १९३३ मध्ये लँगस्टन ह्यूज हा मोठा कृष्णवर्णीय कवी शांघायला गेला होता. टेडीची आणि त्याची तिथे भेट झाली आणि ह्यूजने आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्याबद्दल लिहिलंही. १९३४ मध्ये टेडी अमेरिकेला गेला. गेला, पण राहिला नाही. लॉस एंजेलिसमधून बक क्लेटन या तरुण ट्रंपेटवादकाचा अख्खा बँड शांघायच्या कॅनिड्रोम नाचघरासाठी ठरवला आणि परत फिरला. आपल्याकडे सुट्टीवर गेलेला माणूस परत येताना गावातल्या चार पोरांचे व्हिसा करून आणायचा, तसंच हे.

आता मुंबई.

१९३५ च्या हिवाळ्यात ताजमध्ये लिऑन ॲबी या व्हायोलिनवादकाचा कृष्णवर्णीय अमेरिकनांचा बँड वाजला. मुंबईला हे नवीन होतं. त्याच्या पाठोपाठ क्रिकेट स्मिथ या जुन्या पिढीतल्या ट्रंपेटवादकाचा बँड आला. ‘क्रिकेट’ हे त्याचं टोपणनाव. मुंबईत यायला यापेक्षा चांगलं नाव कुठलं असणार! या बँडमध्ये पियानोवर होता टेडी वेदरफर्ड. १९३६ मध्ये त्यांनी मुंबईतच काही तबकड्या भरल्या. त्यातल्या एका रचनेचं नाव ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’. ती रचना मीना सायलस या मुंबईकर ज्यू संगीतकाराची.

क्षणभर डोळ्यांसमोर आणा. अमेरिकेतला कृष्णवर्णीय पियानोवादक, मुंबईतला ज्यू संगीतकार, पारशी उद्योगपतीचं हॉटेल, नाचायला इंग्रज साहेब, पारशी कुटुंबं आणि संस्थानिक. हाकेच्या अंतरावर यॉट क्लब, जिथे त्या काळी हिंदी माणसाला सभासद म्हणून प्रवेश नव्हता. ताजमध्ये होता. आणि या सगळ्यांचे पाय ज्या ठेक्यावर पडत होते तो ठेका कापसाच्या शेतातून आलेला.

त्या नाचघराबाहेर आणखी एक जमात कान टवकारून उभी होती. गोवेकर वादक. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. ही मुलं मोठी झाली की मुंबईला येत, धोबीतलावच्या आसपास गावाच्या नावाच्या ‘कूड’मध्ये पथारी पसरत आणि बँडमध्ये काम शोधत. कागदावर लिहिलेलं बिनचूक वाजवणं ही त्यांची ताकद. पण ब्लूज कागदावर मावत नाही. तो वाकलेला गंधार, तो जरासा मागे रेंगाळणारा ठेका कुठल्या चिन्हाने लिहायचा? तो कानानेच शिकावा लागतो, समोर बसून. आपल्याकडे ज्याला तालीम म्हणतात ती. आणि १९३५ नंतरच्या त्या काही वर्षांत अस्सल घराण्याची माणसं रोज रात्री ताजमध्ये वाजवत होती.

टेडी एका जागी ठरणारा नव्हता. १९३७ मध्ये तो पॅरिसला गेला. तिथे प्रदर्शन भरलं होतं, जगभरचे लोक आले होते. तिथे त्याने एकट्याच्या पियानोच्या काही तबकड्या भरल्या. मागे बँड नाही, गायक नाही, फक्त त्याचे दोन हात. त्यातल्या एका ब्लूजला त्याने आपल्याच आडनावावर कोटी करणारं नाव दिलं होतं : ‘वेदर बीटन ब्लूज’. ऊन-पावसाने झिजलेल्याचं गाणं! वयाच्या तिशीतच होता तो तेव्हा. पुढे कोलंबोचं गॉल फेस हॉटेल झालं. क्रिकेट स्मिथच्या बँडचं नेतृत्वही टेडीकडे आलं. आणि दुसऱ्या महायुद्धात तो कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलमध्ये स्थिरावला.

कलकत्ता तेव्हा गोऱ्या आणि काळ्या अमेरिकन सैनिकांनी भरलेलं होतं. जपान्यांनी ब्रह्मदेश घेतल्यावर रंगूनहून पळून आलेले वादक होते. टेडीच्या बँडमध्ये हे सगळे एकत्र आले. अमेरिकन, अँग्लो-इंडियन, गोवेकर, ब्रह्मदेशातून आलेले. अमेरिकन सैन्याच्या रेडिओवरून त्यांचे कार्यक्रम व्हायचे. कलकत्त्यात भरलेल्या तबकड्यांपैकी काहींवर टेडी स्वतः गायला आहे.

(इथे त्यांपैकी एक ऐकवली.)

आवाज काही तयारीचा नाही. थोडा जाड, बोलल्यासारखा. पण शब्द कसा टाकतोय पाहा. घाई नाही. पियानोवर जी जागा तो रिकामी सोडतो, तिथे गळा येऊन बसतो, आणि गळा थांबला की बोटं उत्तर देतात. स्वतःच सवाल, स्वतःच जबाब. स्वतःच पेटी वाजवत गाणाऱ्याला ही सोय असते. साथीदाराशी नजरानजर करावी लागत नाही.

याच बँडबरोबर बोटीवर काम करणारा एक अमेरिकन तरुण अधूनमधून गायला उभा राहायचा. जिमी विदरस्पून. तो पुढे मायदेशी परतला आणि अमेरिकेतला नामांकित ब्लूज गायक झाला. त्याची सुरुवात झाली कलकत्त्याच्या चौरंगीवर, टेडीच्या पियानोशेजारी.

२५ एप्रिल १९४५ रोजी टेडी वेदरफर्ड कॉलऱ्याने कलकत्त्यात वारला. वय एक्केचाळीस. युरोपातलं युद्ध संपायला दोन आठवडेही उरले नव्हते.

आता हाइन्सकडे येऊ. दोघं एकाच वयाचे, एकाच शहरात, एकाच वाद्याचे. टेडी १९२६ मध्ये गेला. हाइन्स थांबला. १९२८ मध्ये त्याने आर्मस्ट्राँगबरोबर ज्या तबकड्या केल्या, त्या आज जॅझच्या प्रत्येक इतिहासात आहेत. आधुनिक जॅझ पियानोचा जनक म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. १९८३ पर्यंत तो जगला, जगभर वाजवत फिरला. आणि टेडी? त्याच्या देशाच्या इतिहासात तो एखाद्या तळटीपेपुरता. आर्मस्ट्राँगबरोबरची ती एक तबकडी, बाकी बहुतेक परदेशात भरलेलं आणि परदेशातच राहिलेलं.

हे वाचताना मला चुटपुट लागली. थांबला असता तर? आपण सगळेच हा हिशोब कधीतरी मांडतो. बॅचमधला अमुक पुण्यात राहिला, आज त्याची स्वतःची कंपनी आहे. तमुक अमेरिकेला गेला. आपण इथे. पण हिशोब मांडायचाच तर दुसरी बाजूही मांडायला हवी, म्हणून आता शेवटचा टप्पा. त्यासाठी नगर जिल्ह्यात जाऊ.

पुणतांब्याचा एक मुलगा. जन्म १९१८. रामचंद्र चितळकर. नागपूर आणि पुण्यात शास्त्रीय संगीत शिकला, मुंबईत मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटीवादक म्हणून लागला. हेच आपले अण्णा, सी. रामचंद्र. चाल पेटीवर बांधायची आणि ‘चितळकर’ या नावाने स्वतः गायचंही. म्हणजे आपलाही एक पेटीवाला गायक! त्यांच्याबरोबर संगीत-संयोजनाला कोण? चिक चॉकलेट. मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातलं हळदोणे, जन्म १९१६ चा. ट्रंपेटवादक. मुंबईकर त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. १९५१ चा ‘अलबेला’ आठवा. नायक आपला दादरचा मास्टर भगवान, संगीत अण्णांचं, गाण्यात अण्णांचा आणि लताबाईंचा आवाज, आणि वाद्यमेळात चिक चॉकलेट आणि त्याची मंडळी. ती पडद्यावरही दिसतात, झालरीच्या बाह्यांचे शर्ट घालून. १९५७ च्या ‘आशा’मधलं किशोरकुमारचं ते धमाल गाणं तर इथल्या प्रत्येक लग्नाच्या वाढदिवसाला वाजतं.

आता मी असं म्हणत नाही की टेडीने चिक चॉकलेटला शिकवलं आणि चिकने अण्णांना. संगीत असं एका नळीतून वाहत नाही. पुष्कळ माणसं होती, पुष्कळ तबकड्या होत्या, सिनेमे होते. पण आपल्या सिनेमासंगीतात जी वाद्यं आली, जो ठेका आला, ती हवा मुंबई आणि कलकत्त्याच्या नाचघरांत तयार झाली. ती तयार करणाऱ्या मोजक्या माणसांत टेडी होता. शिकागोहून बोटीने निघालेला ठेका मास्टर भगवानच्या पायात आला आणि तिथून गणपतीच्या मिरवणुकीत नाचणाऱ्या आपल्या काका-मामांच्या पायात. त्यांच्यापैकी कुणालाही टेडी वेदरफर्ड माहीत नव्हता. माहीत असण्याची गरजही पडली नाही.

मी सल्लागार म्हणून काम करतो. आमच्या कामाची रीत अशी की प्रोजेक्टवर जायचं, यंत्रणा उभी करायची, तिथल्या माणसांना ती शिकवायची आणि निघायचं. दोन वर्षांनी त्या ऑफिसात गेलं तर रिसेप्शनवर नाव विचारतात. पण आत सगळं चालू असतं. पूर्वी मला याचं वाईट वाटायचं. हल्ली मी आत डोकावतो, आणि कुणीतरी मी शिकवलेल्या पद्धतीने, पण स्वतःची भर घालून काम करताना दिसलं की बरं वाटतं.

या देशात आपण किती वर्षं असणार, हे आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात नाही. व्हिसावर तारीख असते. अल कुसैसमधल्या या इमारतींत पंचवीस-तीस वर्षं काढून परत गेलेली मराठी कुटुंबं आपण पाहिली आहेत. त्यांच्या घरात आता दुसरं कुणी राहतं. पण ज्या काकूंनी इथल्या मुलांना बाराखडी शिकवली, ज्या काकांनी पहिल्यांदा ढोल-लेझीम बसवली, त्यांचं काहीतरी आज मागच्या रांगेत दंगा करणाऱ्या या पोरांत आहेच. पोरांना त्यांची नावं माहीत नाहीत. लेझीम मात्र येते.

टेडीला आपण कलकत्त्यात मेलेला एक विस्मृतीतला कलावंत म्हणू शकतो. किंवा असं म्हणू शकतो की तो जिथे जिथे राहिला तिथल्या माणसांच्या हातात काहीतरी ठेवून गेला. मला स्वतःला दुसरं पटतं. तुम्ही आपापलं ठरवा.

शारजाची मंडळी आली आहेत असं दिसतंय. त्यांच्यासाठी पॅरिसमधली एक तबकडी लावतो, फक्त पियानो. डाव्या हाताकडे लक्ष द्या. ती झाली की चहा.